तोंड माझं, बोल कुणाचा

६ जानेवारी १९९६, शनिवार
लिंबखेडा

टक्. मग जरा थांबून टक्-टक्.

लाकडी जबडा मिटल्याचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा वडिलांच्या खांद्यावर बसलो होतो. राजूरची जत्रा होती. खाली नुसती डोकीच डोकी, आणि समोर आडव्या धरलेल्या घोंगडीवरून एक गुलाबी फेटा हळूच वर आला. फेट्याखाली लाल गोल गाल, बोकडाच्या केसांच्या मिशा, आणि ओठांच्या दोन्ही कडांपासून हनुवटीपर्यंत उतरलेल्या दोन काळ्या रेघा. त्या रेघांच्या मधला जबडा खाली-वर व्हायचा. रेवडीनाना आला, रेवडीनाना आला, म्हणत सगळी जत्रा पुढं सरकली होती. बाहुलीच ती, पांगाऱ्याच्या लाकडाची. पण ती मान वळवून माझ्याकडं बघायची तेव्हा मला वाटायचं, हिला माझं नाव माहीत आहे.

आज एसटीतून उतरताना तोच आवाज कानात होता.

जालन्यातली मस्तगडची खोली सोडली. ही गेल्यापासून तिथं खालच्या दुकानांचा गलका तेवढा उरला होता. मागच्या चतुर्थीला राजूरला गेलो असता चहाच्या टपरीवर सर्जेराव नावाचा एक गृहस्थ भेटला. बोलता बोलता म्हणाला, आमच्या गावी भुजंगाच्या बायकोची खोली रिकामी आहे. मी विचारलं, भुजंग म्हणजे रेवडीनानाला नाचवणारा भुजंग का? तो म्हणाला, मंग दुसरा कोणता? तेव्हाच माझं मन इथं येऊन बसलं. देह आज आला.

घरमालकीण झुंबरबाई माझ्याहून थोडी मोठी असेल. आल्या आल्या तिनं हुरडा आणि तिळाची चटणी पुढं ठेवली. खोलीच्या खिडकीतून बाजाराचं मैदान दिसतं, मैदानाच्या कडेला एक जुनी चिंच. ट्रंक उघडली, टोपी, छत्री आणि काळा कोट खुंटीला लावला. त्याचं एक बटण तपकिरी आहे, इतरांहून मोठं. काळं मिळालं नाही म्हणून हिनं तेच लावलं होतं आणि म्हणाली होती, कोण बघतंय.

गावात पाऊल टाकल्यापासून मी 'गुरुजी'. नाव कोणी विचारलं नाही. गुरुजीला नाव कशाला? हिनं उभ्या जन्मात 'अहो'शिवाय हाक मारली नाही. बद्रीनाथ हे नाव आता पेन्शनच्या कागदावर आहे, आणि कुंभार पिंपळगावच्या माझ्या थोरल्या बहिणीच्या, द्वारकाअक्काच्या, तोंडात.

९ जानेवारी, मंगळवार

सकाळी अंगणात उन्हाला बसून चौथीच्या पुस्तकातली नदीची कविता मोठ्यानं म्हटली. तिसऱ्या कडव्याला पोरं कशी झुलायची, खिडकीतून येणारी उन्हाची पट्टी कशी मॉनिटरच्या टोपीवर पडायची, सगळं दिसलं. डोळे उघडले तर कुंपणापलीकडं चार बाया डोक्यावर घागरी तशाच ठेवून उभ्या. एक म्हणाली, गुरुजी, थांबले काबून, म्हणा की.

दुपारी झुंबरबाईनं नानाची गोष्ट सांगितली. एक्क्याऐंशी साली भुजंग गेला. त्याला मूलबाळ नव्हतं. म्हणून नानाला त्याच्याजवळच सरणावर ठेवलं. झुंबरबाई म्हणाली, लाकूड लाकडात गेलं गुरुजी, मी तर बघितलंबी न्हाई तिकडं. पण पुढच्या पौषात बाजाराच्या दिवशी पोरं नाना नाना करून रडायला लागली. मग सर्जेरावानं गुलाबी फेटा बांधला, गाल रंगवले, काजळाच्या दोन रेघा ओढल्या, हातात लाकडाच्या चिपळ्या घेतल्या आणि नानाचं सोंग आणलं. तेव्हापासून पौषातल्या दर बाजारी गावातले पुरुष नाना होतात. एक नाही, पुष्कळ. कोणता चांगला वठला याची गावभर चर्चा होते.

सोंग उतरवायची मात्र रीत आहे. स्वतःच्या हातानं पुसायचं नाही. घरचं थोरलं माणूस येतं, तेलाच्या फडक्यानं रेघा पुसतं आणि नाव घेऊन हाक मारतं. एकेरी. राव नाही, साहेब नाही, अण्णा नाही. त्यानं 'ओ' दिली की तो परत माणसांत आला. असं एकेरी नाव घेणारं ज्याच्या घरी कोणी उरलेलं नाही, त्यानं सोंग घ्यायचं नाही.

काय सुंदर रीत आहे. मी तिला म्हणालो, ही तर कविताच आहे. ती म्हणाली, कविता न्हाई गुरुजी, जरूर हाये.

११ जानेवारी, गुरुवार

आज बाजार. आज मी पुन्हा सात वर्षांचा झालो.

ऊन कलल्यावर गुलाबी फेटे मैदानात उतरले. वांग्यांच्या ढिगाजवळ एक नाना, बांगडीवाल्याजवळ एक नाना, पिठाच्या गिरणीपाशी दोन नाना एकमेकांना नमस्कार करताहेत. मान वळवायची ती खांद्यासकट, जशी लाकडाची वळेल तशी. पोरांच्या अंगावर रेवड्या उडत होत्या. आणि तो जुना खेळ. नाना छाती काढून विचारतो, तोंड माझं, बोल कुणाचा? जत्रेत आम्ही ओरडायचो, भुजंगाचा! मग नाना रुसायचा, पाठ फिरवायचा, म्हणायचा, न्हाई, माझाच. आता लोक त्या त्या माणसाचं नाव ओरडतात. सर्जेरावानं विचारलं तर सगळा बाजार सर्जेरावाचा, सर्जेरावाचा म्हणून उसळला.

सूर्य टेकायच्या आत घरची माणसं फडकी घेऊन आली. सर्जेराव गावात वजनाचा माणूस, मिशीला रुपेरी कड आलेली. त्याची म्हातारी आई वाकलेली, काठी टेकत आली. खसाखसा तोंड पुसलं, पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, सर्ज्या, मुडद्या, चल जेवायला. तो म्हणाला, ओ, आलो. सगळे हसले. मीही हसलो आणि का कोण जाणे, डोळे भरून आले. धपाटा मारणारं कोणी असावं.

असं एकेकाला नावानं नेलं. मैदान रिकामं झालं. तेव्हा दिसलं, चिंचेखाली एक नाना उरला आहे.

त्याला न्यायला कोणी आलं नाही. इतरांच्या हातांत चिपळ्या होत्या, ह्याचे हात मोकळे, कुशीला लोंबलेले. तरी मला आवाज आला. टक्.

झुंबरबाईनं माझ्या कोपराला धरून घरात आणलं. म्हणाली, त्याच्याकडं बघू नका, त्यो दर साली येतो. कुणाचा हाये ते ठाऊक न्हाई. हाका ऐकत उभा राहतो. एखादं नाव कुणी घेतलंच न्हाई, तर ते आपल्याला गावंल म्हणून.

जुनी माणसं गोष्टी छान रचतात.

१५ जानेवारी, सोमवार

सर्जेराव आला होता. अंगणातली कविता ऐकून बसूनच राहिला. म्हणाला, गुरुजी, तुमच्या आवाजानं भिंतीसुद्धा कान देऊन राह्यल्या. मग मुद्द्यावर आला. येत्या गुरुवारी पौषातला शेवटचा बाजार. यंदा तुम्ही नाना व्हा. नानानं कविता म्हटली असं कधी झालंच नाही.

मी नको नको म्हणालो. पण मनातून त्या खांद्यावरच्या पोरानं केव्हाच होकार दिला होता. जाता जाता त्यानं विचारलं, हाक माराया घरचं हाये ना कोणी? मी म्हणालो, आहे की, थोरली अक्का आहे. तो म्हणाला, मंग झालं.

आरशासमोर मान खांद्यासकट वळवून पाहिली. बरी वळते.

१८ जानेवारी, गुरुवार

आनंद अजून ओसरलेला नाही.

झुंबरबाईनं फेटा बांधला. भुजंगाच्या नानाला बांधायची तसाच, डावीकडं झुकता. रेघा ओढताना तिचं बोट थांबलं, म्हणाली, बराबर त्याच्यासारखे दिसून राह्यले. मैदानात मी नदीची कविता नानाच्या तोंडून म्हटली. जबडा पाडून, प्रत्येक ओळीला चिपळीचा ठोका देऊन. भाजीवाल्या बायांनी तागड्या खाली ठेवल्या. शेवटच्या कडव्यात नदी समुद्राला भेटते तिथं एका म्हाताऱ्यानं टोपी काढून डोळे पुसले. चाळीस वर्षं फळ्यासमोर उभा राहिलो, असा वर्ग मिळाला नव्हता.

मग विचारलं, तोंड माझं, बोल कुणाचा?

सगळा बाजार म्हणाला, गुरुजींचा!

मी रुसलो, पाठ फिरवली. त्या क्षणी चिंच समोर आली. तिच्याखाली तो उभा होता. हसणं तर त्याच्या चेहऱ्यावर रंगवलेलंच आहे, तरी मला वाटलं, आत्ता हसला.

नंतर एकेकाला त्याच्या त्याच्या माणसांनी नेलं. मी उभा राहिलो. सर्जेराव इकडं तिकडं बघत म्हणाला, अक्का कुठं हायेत गुरुजी? मी म्हणालो, अक्का पिंपळगावला. त्याचा चेहरा उतरला. त्याला वाटलं होतं मी तिला बोलावून घेतलंय. मला वाटलं होतं, ती आहे का एवढंच तो विचारतोय.

शेवटी झुंबरबाईच फडकं घेऊन पुढं झाली. रेघा पुसल्या. हाक मारायला तोंड उघडलं आणि थांबली. परक्या पुरुषाचं, त्यातून शिकवणाऱ्या माणसाचं नाव एकेरी कसं घेणार? पदर ओठांवर धरून म्हणाली, गुरुजी, चला घरी. मी म्हणालो, ओ.

चिंचेखाली पाहिलं. कोणी उरलं नव्हतं. बरं वाटलं.

२० जानेवारी, शनिवार

दाढी करताना ओठांच्या कडांना दोन पुसट रेघा दिसल्या. साबण लावला, मग बेसन, मग राख. काजळ चांगलं घरचं असावं. निघेल हळूहळू.

आज अमावास्या. पौष संपला. आता पुढच्या सालापर्यंत सोंगं बंद.

२२ जानेवारी, सोमवार

सकाळी अंगणात बसलो. नदीची कविता तिसऱ्या कडव्यापर्यंत आली आणि पुढं रस्ताच नाही. शेवटचं कडवं गेलं. ज्या कडव्यावर पोरांच्या पिढ्या पास केल्या ते कडवं. जिथं ते असायचं तिथं जीभ नेली तर नुसता आवाज झाला. टक्.

कवळी सैल झाली असेल. जालन्याला जाऊन दाखवायला हवी.

झुंबरबाईनं जेवायला वाढताना दोनदा माझ्या हनुवटीकडं पाहिलं. विचारलं तर म्हणाली, काही न्हाई.

२३ जानेवारी, मंगळवार

कवळी काढून वाटीत ठेवली. मग तोंड मिटलं.

टक्.

२५ जानेवारी, गुरुवार

बाजार. मी घरीच होतो, अंगात कणकण म्हणून. दुपारी मेथी द्यायला आलेली बाई म्हणाली, गुरुजी, सकाळी काय कविता म्हटली तुम्ही चिंचेखाली, माझी जुडी बांधायची राहून गेली. मी म्हणालो, बाई, मी तर उंबरा ओलांडला नाही. म्हणालो असं मला वाटलं. तोंडातून अर्धेच शब्द बाहेर आले. ती हसली आणि म्हणाली, करा, गंमत करा.

खिडकीशी गेलो. माघ लागलाय, सोंगं बंद आहेत. तरी चिंचेखाली एक गुलाबी फेटा. भोवती माणसं बसलेली, उन्हात, निवांत. तो म्हणत होता ते माझं शेवटचं कडवं. एकही शब्द चुकला नाही. समुद्राच्या ओळीवर मी जसा थांबतो तसा थांबला. आवाज माझा. घसा खाकरायची लकबही माझी.

त्यानं तोंड खिडकीकडं वळवलं. सगळ्या अंगासकट नाही, नुसती मान. माणसासारखी.

त्याच्या तोंडावर रेघा नव्हत्या.

२७ जानेवारी, शनिवार

झुंबरबाईला सांगितलं. तिनं माझा चेहरा दोन्ही हातांत धरून उजेडाकडं वळवला आणि मटकन खाली बसली. म्हणाली, मी पापीण, मी गुरुजी म्हणले. गुरुजी तर गावोगाव हायेत. तुमचं नाव काय हाये?

सर्जेरावाला बोलावलं. त्याला माझं नाव कागदावर लिहून दाखवलं. तो उभा राहिला, घसा साफ केला, म्हणाला, बद्रीनाथ. आणि लगेच हात जोडून म्हणाला, गुरुजी, माफी करा. पुन्हा डोळे मिटून, गोठ्यातल्या म्हशीला हाकारावं तसं नुसतं नाव घेतलं. मी ओ द्यायला गेलो.

टक्.

झुंबरबाई म्हणाली, परक्याच्या हाकेनं न्हाई व्हत, घरचंच लागतं.

माझ्या घरचं आता एकच माणूस आहे. सर्जेराव लगेच राजूरला गेला, पिंपळगावच्या अक्काच्या शेजारच्या दुकानात फोन लावला. अक्का येत्या गुरुवारच्या गाडीनं येते. तिला मोतीबिंदू झालाय, माणसं ओळखते ती आवाजानं आणि कपड्यांवरून. एकटीनं जालन्यापर्यंत यायचं, तिथून राजूर, तिथून इथं. येईल. माझी अक्का आहे ती. लहानपणी नदीकाठी मी खेळत राहायचो, दिवे लागायच्या वेळी ती बांधावर उभी राहून हाक मारायची. ए बद्र्या. पाणी, झाडं, गुरं, सगळं त्या हाकेनं घरी जायचं.

एवढीच हाक हवी आहे. गुरुवारपर्यंत धीर धरायचा.

२८ जानेवारी, रविवार

नदीची कविता संपूर्ण गेली. शेवग्याच्या शेंगेची गेली, पाखरांची गेली. शीर्षकं आठवतात, आत काही नाही. बियाणं खाऊन किड्यानं टरफल ठेवावं तसं.

तो खिडकीखालून गेला तेव्हा पाखरांची म्हणत होता. खुशीत होता.

२९ जानेवारी, सोमवार

खुंटी रिकामी.

कोट नाही. टोपी नाही. छत्री नाही.

झुंबरबाईला खुणेनं विचारलं. ती म्हणाली, तुम्हीच तर सकाळी घालून गेल्ते. मग माझ्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, अगं माय.

बोलता येत नाही. तोंड उघडतं, मिटतं. आवाज तेवढा एकच.

३० जानेवारी, मंगळवार

राजूरची गाडी धरावी, पिंपळगावी जाऊन अक्कालाच गाठावं, म्हणून बाहेर पडलो. शाळा नुकती सुटली होती. पोरं धावत आली. भीती नाही कुणाच्या डोळ्यांत. उलट काय आनंद. नाना आला, रेवडीनाना आला. माझे हात धरले, मिशीला हात लावले. मिशी कधी आली? एकानं विचारलं, तोंड माझं, बोल कुणाचा, आणि सगळी माझ्या तोंडाकडं बघत राहिली. मी बोलायचा फार प्रयत्न केला.

ती हसून हसून बेजार झाली.

गाडी निघून गेली. कंडक्टरनंही हात हलवला.

पोरं गर्दी करतात म्हणून झुंबरबाई बाहेरून कडी लावते.

सर्जेराव आता येत नाही. झुंबरबाई म्हणते, तो म्हणाला, गुरुजी बिलकुल बरे झाले, रोज माझ्याबरोबर चहा पिऊन राह्यलेत.

३१ जानेवारी, बुधवार

मान खांद्यासकट वळते. डावा हात मांडीवर आहे, उचलत नाही. उजवा लिहितो तोवर —

चिठ्ठी लिहिली. तो मी नाही, मी इथं आहे, अक्काला सांगा. झुंबरबाईला दिली. तिला वाचता येत नाही. सर्जेरावाला दाखव म्हणून खूण केली. ती हसली. कागदाची छान घडी घातली आणि माझ्या फेट्यात तुरा म्हणून खोचली. फेटा तिनंच बांधलाय. डावीकडं झुकता.

मग मला कोनाड्याजवळ बसवलं. भुजंगाचा नाना इथंच बसायचा म्हणाली. गालावरून हात फिरवला. चार दिवसांपूर्वी हीच बाई माझा चेहरा बघून मटकन खाली बसली होती. आज डोळ्यांत नुसती माया. म्हणाली, किती वर्सांनी आला रे.

माझ्यापुढं रेवड्या ठेवल्या.

खिडकी दिसते इथून. तेवढं बरं.

उद्या अक्का.

१ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळ. बाजार भरतोय. बोटं कडक. अक्षर बघा कसं —

बद्रीनाथ. बद्रीनाथ. बद्रीनाथ. विसरू नये म्हणून.

*

दुपार. गाडीचा आवाज.

थांबली. माणसं उतरताहेत. धूळ.

अक्का. हिरवं लुगडं, हातात पिशवी. किती वाकली. डोळ्यांवर हात धरून बघतेय. सर्जेराव नाही. कुणीच नाही तिथं. अक्का, इकडं. खिडकी. चिंचेच्या डाव्या अंगाला —

टक्. टक्.

ऐकू जात नाही.

ती हाक मारणार. तोंडाशी हात नेला, बांधावर न्यायची तसा. मला ओ देता आली पाहिजे. एकदाच. देवा, एकदाच —

ए बद्र्या.

तीच. तश्शीच.

टक्

*

कुणीतरी म्हणालं, ओ. आलो अक्का.

चिंचेखालून. काळा कोट. टोपी. छत्री. तिच्या पाया पडला. ती त्याचा चेहरा चाचपतेय. गाल. हनुवटी. कोटाची बटणं. तपकिरी बटणावर बोट थांबलं. रडतेय. त्याच्या पाठीत धपाटा घातला.

माझा धपाटा.

*

इकडं येताहेत. तो तिचा हात धरून. घसा खाकरतोय.

अंगणात.

झुंबरबाई कडी काढतेय. म्हणतेय, या गुरुजी, या अक्काबाई.

दार —

अक्का उंबऱ्यात. माझ्याकडं बघितलं. हसली, जत्रेत हसायची तशी, तोंडावर पदर घेऊन. म्हणाली, बद्र्या, ये लवकर, बघ तर खरं, हे कोण बसलंय. आणि तिच्या मागून दारात मी आलो, डोक्यावरची टोपी काढली आणि मला म्ह